बाबांच्या आवाजाचा कंडेन्सर

गळ्यातली गाठ काढली आणि बाबा वाचले, पण आवाज गेला. अगदी पुरता गेला असता तर एकवेळ सोसलं असतं. तो अर्धामुर्धा उरला, हे जास्त वाईट झालं. त्या गाठीला चिकटूनच आवाजाची नस असते आणि ती दुखावू शकते, हे डॉक्टरांनी आधीच समजावून सांगितलं होतं, त्यामुळे चिडायलाही कोणी नव्हतं. आणि मला चिडायला कोणीतरी लागतं. माझ्या नाकावर राग असतो, हे माहेरी, सासरी आणि दुकानात सगळ्यांना ठाऊक आहे.

बाबा भाजीपाला पिकवतात. रोहिणखेडजवळ आमचं गाव, विहिरीचं पाणी, वांगी, मिरची, थोडी कपाशी. पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख वांग्यांमुळे नव्हती. लग्न कोणाचंही असो, मंगलाष्टक म्हणायला बाबाच हवेत, असं जणू ठरलेलं होतं. ते पाठ केलेलं म्हणत नसत. दर लग्नाला नवं रचायचे. नवरीच्या माहेरची विहीर, नवरदेवाच्या गावाकडचा घाट, एखाद्या आत्याचा स्वभाव, सगळं त्या चालीत बरोबर बसवायचे आणि ज्याच्यावर टोला असेल तोच सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

दर लग्नात त्यांचं एक भांडणही ठरलेलं असायचं. आमच्या लोकांच्या हातात अक्षता पडल्या की त्यांना धीर धरवत नाही. म्हणणाऱ्याने जरा कुठे श्वास घेतला की टाकल्याच. मग बाबा सूर तोडून माइकवरूनच दटावायचे, "थांबा बे, लागलं नाई अजून लग्न." मांडव हसायचा, घटकाभर हात आवरायचा आणि पुढच्या श्वासाला पुन्हा तांदूळ उडायचे. शेवटचं 'सावधान' येईपर्यंत कोणाच्या मुठीत दाणा उरला असेल तर शपथ.

ऑपरेशननंतर बाबांनी लग्नांना जाणंच सोडलं. आहेर आईच्या हाती पाठवायचे. कोणी दारात आलं तर हातानेच 'बसा' म्हणायचे आणि आतून आईला बोलवायचे. बोलले तर सायकलच्या ट्यूबमधून हवा निघावी तसा आवाज यायचा, आणि त्या हवेच्या तळाशी, नीट कान दिला तर, त्यांचा जुना सूर सापडायचा. नीट कान द्यायला वेळ कोणाला असतो? लोक दोनदा 'काय म्हणता?' विचारायचे आणि तिसऱ्यांदा नुसती मान हलवायचे. बाबांना ती हललेली मान बरोबर कळायची.

अशात धाकटीचं लग्न जमलं. ती माझी बहीण, माझ्यापेक्षा बरीच लहान, दिसायला गरीब आणि आतून महाहट्टी. तिने फोनवर मला सांगितलं, आईला सांगितलं आणि होणाऱ्या सासरीही कळवून टाकलं की तिच्या लग्नात मंगलाष्टक बाबाच म्हणतील, नाहीतर कोणीच म्हणणार नाही. गुरुजींनी नुसतं सावधान म्हणून मोकळं व्हावं. मी घरी फोन केला तेव्हा आईने तो बाबांच्या कानाला लावला. पलीकडून फक्त श्वास ऐकू आला, मग आईने फोन परत घेतला आणि म्हणाली, नाही म्हणताहेत.

मी तिरीमिरीत बोलून गेले, मी करते काहीतरी.

मी चिखलीत आवाजाची यंत्रं दुरुस्त करते. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान आहे. अँप, मिक्सर, जळालेले स्पीकर येतात, आणि भजनी मंडळांना, बँजो पार्टीवाल्यांना लागणाऱ्या इकोच्या पेट्या मी स्वतः बनवते. बाबांना माइक जवळ द्यायचा आणि आवाज वाढवायचा, असं कोणीही म्हणेल. तेही करून पाहिलं. आवाज वाढवला की त्यांच्या सुराबरोबर हवाही वाढते, आणखी वाढवला की स्पीकर शिट्टी मारतो. मला हवी होती एक लहान पेटी: हवा चाळणारी, सूर उचलणारी आणि त्याला जरासा इको देणारी, म्हणजे पातळ आवाजाला थोडं अंग येतं. बँजोच्या पेटीत चूक झाली तर बँजो जरा वेगळा वाजतो, एवढंच. इथे चूक झाली तर माझ्या बापाचं भर मांडवात हसं होणार होतं, आणि मग ते उरलेलं बोलणंही बंद करणार होते. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

अशा पेटीत सगळा खेळ कंडेन्सरचा असतो. पुस्तकात कपॅसिटर म्हणतात, आमच्या बाजारात कंडेन्सर. आवाजाच्या वाटेवर तो राखणदारासारखा उभा असतो. काय आत सोडायचं आणि काय अडवायचं, हे तो ठरवतो. केवढा घ्यायचा ते गणिताने काढता येतं. कोणत्या जातीचा घ्यायचा ते मात्र कानानेच ठरवावं लागतं.

लग्नाच्या बस्त्याच्या निमित्ताने बाबा माझ्याकडे राहायला आले. बस्ता हे निमित्त होतं, हे त्यांनाही माहीत होतं. मी माइक पुढे धरला. ते गायला तयार नव्हते. मग म्हटलं, निदान भाज्या तरी म्हणा. त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं, तो राग मी त्यांच्याकडूनच घेतला आहे, आणि म्हणू लागले: वांगे, भेंडी, मेथी, सांभार. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात आणि त्या दिवशी तो शब्द माझ्या फार कामी आला. हवा अडवणारा कंडेन्सर जरा मोठा लावला की फुसफूस जायची, पण 'सांभार'चा 'आंभार' व्हायचा. लहान लावला की 'स' परत यायचा आणि त्याच्याबरोबर कुकरची वाफही. मधला एक सापडेपर्यंत बाबांनी अख्खा भाजीबाजार म्हणून काढला. त्या जागी चिनी मातीची साधी लहान चकती पुरली. चकत्यांतही जाती असतात आणि एवढ्याशा कामाला ती इमानी निघते.

खरा घोळ दारातल्या राखणदाराचा होता. माइकचा आवाज पेटीत शिरतो तिथे जरा मोठा कंडेन्सर लागतो. आधी नेहमीचा पिंपासारखा लावला, आत ओलसर रसायन असतं तो. सकाळी छान चालला. दुपारी छपराचा पत्रा तापला आणि पेटीतून भाजल्या शेंगदाण्यासारखी तडतड सुरू झाली, कारण उन्हात तो आतल्या आत गळू लागतो. एरवी ती तडतड कोणाच्या लक्षातही येत नाही. बाबांचा आवाज उचलायला मी आत इतकी ताकद लावली होती की तीही सुराएवढीच मोठी झाली. लग्न भर मे महिन्यात होतं. पिंप बाद झालं.

मग हिरवा. त्याच्या आत प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीची गुंडाळी असते, उन्हाने तो बदलत नाही, स्वतःचं काही बोलत नाही. आवाजाच्या कामाला ह्याच्यासारखा दुसरा नाही. पण चिखलीच्या बाजारात हिरवे मिळाले ते सगळे लहान. लहान लावला की आवाजाचा तळ बाहेरच राहतो. बाबा जुन्या टेलिफोनवरून बोलल्यासारखे येऊ लागले. त्यांनी हेडफोन काढून ठेवला आणि म्हणाले, "हा कोन व? मले नाई माहीत हा मानूस."

मी अकोल्याहून मोठे हिरवे मागवले. पार्सल आलं ते लग्नाच्या तोंडावर आणि त्यात निघाले पिवळे थेंब, चिनी मातीचेच, पण नव्या जातीचे, एकावर एक थर दिलेले. फोन करून मी त्या माणसाला जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्याचं म्हणणं एकच होतं, ताई, आकडा तोच आहे, माल उलट नवा आहे. आकडा तोच होता, हे खरं. मी तो लावला, बाबांना हेडफोन दिला आणि ते पहिल्यांदाच भाज्या सोडून गायले. एकच ओळ गायले. गाताना त्यांची मान हळूहळू वर झाली. मग हेडफोन कानावर तसाच ठेवून म्हणाले, "हाव. हा मी हाओ."

त्यानंतर तो थेंब काढायची माझी हिंमत झाली नाही. पण पेन्सिलच्या टोकाने त्याच्यावर टिचकी मारली तेव्हा स्पीकरमधून 'टक्' असं ऐकू आलं आणि माझं मन खट्टू झालं. ह्या जातीला हादरा ऐकू येतो. हलवलं की तो स्वतःच माइक होतो. मी मनाशी ठरवलं, पेटी गोधडीच्या घडीवर ठेवायची, स्पीकरपासून लांब. तेवढं सांभाळलं की झालं.

लग्नाच्या दिवशी मांडवात पोचले तर साउंडवाल्याबरोबर पुढे पाठवलेली माझी पेटी मोठ्या बेस स्पीकरच्या खोक्यावर विराजमान. साउंडवाला माझंच गिऱ्हाईक, भला माणूस. त्याच्या मते सगळी यंत्रं खोक्यावरच ठेवायची असतात, तिथे वायर पुरते आणि कोणाचा पाय लागत नाही. मी ती उचलून स्टेजच्या मागे खुर्चीवर, गोधडीवर ठेवली. पण स्टेज फळ्यांचं होतं, खोकी त्याला टेकूनच उभी होती आणि मांडव इतका अरुंद की ती सरकवायला जागाच नव्हती.

वऱ्हाड अजून मारोतीच्या पारावर होतं. आमच्या बाजूची माणसं खुर्च्यांवर बसून ताक पीत होती. म्हटलं, बाबांचा आवाज एकदा बघून घ्यावा. बाबा स्टेजवर चढले. फेटा बांधलेला, दाढी गुळगुळीत, हातात स्वतःच्या अक्षरातला कागद. त्यांनी माइक तोंडाजवळ नेला आणि हळूच म्हणाले, सावधान.

शब्द चांगला आला. मग खोकं थरथरलं, त्याने फळ्या थरथरल्या, त्या हादऱ्याने पेटीतला तो पिवळा थेंब जागा झाला आणि त्याचं ऐकलेलं पुन्हा खोक्यात गेलं. शब्दाच्या मागून हंबरल्यासारखा आवाज सुरू झाला आणि वाढतच गेला. लेकरांनी कानात बोटं घातली. मी धावत जाऊन बटण फिरवलं तेव्हा तो थांबला. कोणीतरी म्हातारा त्याच्या मते हळू आवाजात म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "राहू द्या हो. त्याईले कायले तरास देता?"

बाबांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि ते स्टेजवरून उतरून गेले.

मांडवाच्या मागे पाण्याच्या ड्रमजवळ ते उभे होते. मी गेले तर त्यांनी पाठ केली नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या फुसफुशीत आवाजात जे म्हणाले ते मी अगदी जवळ उभी होते म्हणून ऐकू आलं.

"हसले असते तं चाललं असतं, माय. त्याईले कीव आली."

मी तिथून निघाले ती स्वतःवर दात खात.

पेटी गोधडीच्या दोन घड्यांवर ठेवून पाहिली. मांडीवर धरून पाहिली. हंबरणं कमी व्हायचं, पण बाबांना लागते तेवढी ताकद दिली की परत यायचं. थेंब बदलल्याशिवाय गत्यंतर नव्हतं आणि बदलायला माझ्याकडे काही नव्हतं. साउंडवाल्याने त्याच्या मेलेल्या अँपमधलं एक पिंप काढून दिलं, ते आधीच फुगून टम्म झालेलं. मोताळ्याच्या बाजारात कोणाला पाठवावं तर एकुलत्या रस्त्यावर वऱ्हाडाचा डीजे आडवा. त्याचा धप-धप आवाज आता गावात शिरला होता. पारापासून आमच्या मांडवापर्यंत नाचत यायला त्यांना जेवढा वेळ लागेल, तेवढाच माझ्याकडे होता.

मी घरात पाणी प्यायला गेले. मधल्या खोलीत धाकटी बसली होती. शालू, मुंडावळ्या, चेहऱ्यावर मेकअपचा थर, आणि डोक्यावर गरगर फिरणारा पंखा. घरातले उभे पंखे, कूलर, शेजाऱ्यांचेसुद्धा, सगळे वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशावर गेले होते, त्यांची बडदास्त म्हणून. आतल्या खोलीतला पंखा केव्हाचाच जळालेला. सगळ्या घरात हवा होती ती त्या एका पंख्याखाली.

तांब्या तोंडाला लावून मी वर पाहिलं आणि तशीच थांबले.

पंख्याच्या दांडीपाशी, वाटीखाली, एक पांढरा डबा असतो. पंखा हळू झाला की आपण म्हणतो, कंडेन्सर गेला. त्या डब्याच्या आतही तीच प्लॅस्टिकच्या पट्टीची गुंडाळी असते. जातीने तो माझ्या हिरव्याचा थोरला भाऊ. उन्हातान्हात वर्षानुवर्षं लटकतो आणि हादऱ्याला ढिम्म हलत नाही. आकडा मला हवा होता त्याच्या दुपटीहून जरा जास्त, पण तिथे जास्त चालतं. बाबांचा तळ थोडा जास्तच आत येईल, येऊ दे.

धाकटीने माझी नजर पाहिली. तिला यंत्रातलं काही कळत नाही, पण मला ती बरोबर ओळखते.

"पंखा पाह्यजे तुले?"

"त्यातला कंडेन्सर. बाबासाठी."

तिच्याशेजारी बसलेली आत्या ओरडली की नवरीचा मेकअप वाहून जाईल, लोक काय म्हणतील, फोटो काय येतील. धाकटीने तिच्याकडे लक्षच दिलं नाही.

"काढ," ती म्हणाली. "घाम पुसता येते."

मी काठापदराच्या साडीचा पदर खोचून स्टुलावर चढले. मेन बंद केला होता. वाटी खाली केली, डबा सोडवला आणि त्याच्यात साठलेली वीज उतरवायला दोन तारांवर पेचकस आडवा ठेवला. चट्कन ठिणगी पडली आणि खोलीतल्या सगळ्या बायका दाराकडे पळाल्या. धाकटी जागची हलली नाही. मुंडावळ्या सांभाळत ती माझं स्टूल धरून बसली होती.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री तापत ठेवली. पिशवीत ती मी लग्नालाही घेऊन येते, यावरून सासरी माझी चेष्टा होते. पिवळा थेंब काढला. पांढरा डबा पेटीत मावण्याची काही सोयच नव्हती, म्हणून तारा होता होईल तेवढ्या आखूड केल्या आणि तो पेटीच्या पाठीवर चिकटपट्टीने गच्च बांधला. बाहेर डीजे पाण्याच्या टाकीपर्यंत आला होता. पहिला डाग घाईत फसला. मी स्वतःला एक सणसणीत शिवी दिली आणि पुन्हा दिला. हातातल्या बांगडीने डब्यावर टकटक केलं, हेडफोन कानाला होता. काही ऐकू आलं नाही. पुन्हा जोरात मारलं. तरी नाही. पण हेडफोन वेगळा आणि मांडव वेगळा, हे मी सकाळीच शिकले होते. मोठ्या खोक्यांवर बघायला आता वेळ नव्हता.

मधल्या खोलीत, मेन परत लावल्यापासून, पंखा नुसता गुरगुरत होता. कंडेन्सर नसला की त्याला सुरुवात करता येत नाही. आत्या खराट्याची काठी घेऊन पलंगावर चढली आणि पात्याला ढकलू लागली. तो कसाबसा फिरायचा, जेमतेम मुंगीला लागेल एवढा वारा द्यायचा. धाकटीच्या कानशिलावरून घाम ओघळत होता आणि ती तो टिपून घेत होती, दाबून, पुसून नाही, मेकअप जाऊ नये म्हणून.

बाबा अजून ड्रमजवळच होते. समजूत घालणं मला जमत नाही. मी सरळ भांडले.

"तिच्या डोक्यावरचा पंखा काढला म्या तुमच्यासाठी," मी म्हटलं. "नवरी घामानं ओलीचिंब होऊन बसली हाये. आता तुम्ही उभे राह्यता का नाई, तेवढं सांगा."

त्यांनी पेटीच्या पाठीवरचा पांढरा डबा पाहिला. बोटाने दाबून पाहिला.

"हा पंख्याचा हाये?"

"हाव."

"मंग वाराच येईन त्यातून," ते म्हणाले. आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा मी त्यांच्या चेहऱ्यावर तो खट्याळ भाव पाहिला, जो मंगलाष्टकात कोणाच्या तरी आत्याचा नंबर लागायच्या आधी यायचा. कागद खिशातून बाहेर आला.

वऱ्हाड आलं. डीजे दारात थांबला, बंद झाला, आणि एवढ्या गोंगाटानंतरची ती शांतता मला जास्त भीतीची वाटली. नवरदेव पाटावर उभा राहिला, मध्ये अंतरपाट, धाकटीला मामाने आणून उभं केलं. माणसांच्या मुठी अक्षतांनी भरल्या. गुरुजींचं प्रथेचं पहिलं कडवं झालं आणि त्या श्वासाला नेहमीप्रमाणे निम्मे तांदूळ उडाले. मग साउंडवाल्याने सांगितलं, आता नवरीचे वडील. मांडवात कुजबुज झाली. सकाळचा प्रकार पाहिलेल्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं.

मी स्टेजमागे पेटी मांडीवर घेऊन बसले होते, बोट बटणावर. हंबरणं सुरू झालं तर त्याच क्षणी बंद करायचं, आणि बंद केलं की सगळं संपलं. दोन्ही माझ्याच बोटात होतं.

बाबांनी सुरुवात केली. खोकं थरथरलं. फळ्या थरथरल्या. माझ्या मांडीखालची खुर्ची थरथरली, मला कळत होतं. पेटी गप्प राहिली. फक्त बाबा येत होते.

तो त्यांचा जुना आवाज नव्हता, तसं म्हणणं खोटं होईल. त्यात वाळू होती. तळ जरा जास्त होता, त्या थोरल्या डब्यामुळे, आणि तो जास्तीचा तळ त्यांना शोभत होता. पण शब्द न् शब्द शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. विहीर आली, मिरचीचा वाफा आला. मग त्यांनी आपल्या दोन्ही लेकी घातल्या. थोरली इतकी तापट की तिच्या दुकानात यंत्रं भीतीनेच दुरुस्त होतात, आणि धाकटी इतकी हट्टी की नवरदेवा, आत्ताच विचार कर. हे त्यांनी कधी रचलं, मला ठाऊक नव्हतं. मांडव खदखदून हसला. हसला, कीव नाही केली. मी बटणावरचं बोट काढलं आणि पदराने तोंड दाबून धरलं.

शेवटाकडे त्यांची दमछाक होऊ लागली. मला ऐकू येत होतं, प्रत्येक ओळीला हवा वाढत होती. 'शुभ मंगल' म्हणाले आणि तिथे श्वास संपला. इकोने 'मंगल' दोनदा पुढे नेलं, पातळ होत होत तेही विरलं.

बाबा थांबले. हात छातीवर. माइकमध्ये त्यांचा श्वास ओढल्याचा आवाज आला, लांब, अडखळत, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असा. याच श्वासाला आमचे लोक जन्मभर तांदूळ टाकत आले. मी स्टेजमागच्या पडद्याच्या फटीतून पाहिलं. सगळ्यांचे हात वर होते. मुठी गच्च मिटलेल्या. लेकरांचे हात त्यांच्या आयांनी धरून ठेवले होते. सकाळचा तो म्हातारा हात उंच धरून उभा होता. एकही दाणा पडला नाही.

बाबांनी ते पाहिलं. त्यांना घाई नव्हती आता. त्यांनी दुसरा श्वास घेतला.

"सावधान."

मग तांदूळ आले ते असे, की स्टेजमागे माझ्या डोक्यावर, मांडीवर, त्या पांढऱ्या डब्यावर सगळीकडे पडत राहिले. वाजंत्री सुरू झाली. मी पेटी खुर्चीवर ठेवली आणि पुढे गेले. धाकटीला जवळ घेतलं, तर तिची पाठ घामाने चिंब भिजलेली होती.